मृणालताईंच्या शोधात: एका कात्रण-विभागाविषयी

समाजवादी नेत्या मृणाल गोरे यांच्या विधानसभेतील कामावर टिपण लिहायचे होते, म्हणून मी मुंबईतील एका सार्वजनिक वाचनालयाच्या कात्रण-विभागात तीन दिवस बसले. अभ्यासकांनी तिथे अवश्य जावे. मात्र तिथे काय सहज हाती लागते आणि कशासाठी चिकाटी लागते, हे आधी ठाऊक असलेले बरे.

रस्त्यावरच्या मृणालताई तिथे भरभरून भेटतात. वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडून राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरलेली तरुणी, १९५८ साली पती केशव गोरे गेल्यावर लहान मुलीला सांभाळत काम चालू ठेवणारी कार्यकर्ती, १९६१ साली महापालिकेत निवडून गेल्यावर गोरेगावच्या पाण्यासाठी झगडणारी ‘पाणीवाली बाई’, महागाईविरोधात कम्युनिस्ट नेत्या अहिल्या रांगणेकरांसह बायकांना लाटणी घेऊन रस्त्यावर आणणारी नेता, अशी सारी रूपे त्यांच्या नावाच्या कात्रणांच्या जाड पाकिटात आहेत. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हाची ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणाही त्यात आहे. कात्रणे स्वच्छ चिकटवलेली असून बहुतेकांवर तारीख आहे.

आमदार मृणालताई मात्र शोधाव्या लागतात. १९७२ मध्ये आणि पुन्हा १९८५ मध्ये त्या विधानसभेवर निवडून आल्या, पण सभागृहातील कामाचे पाकीट फारच पातळ आहे. याचे मला मनापासून वाईट वाटले, कारण माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत दूरगामी भाग तिथेच आहे. गर्भलिंगनिदानाच्या गैरवापराविरुद्ध स्त्री-संघटना आवाज उठवत असताना विरोधी बाकावरच्या मृणालताईंनी त्यावर बंदी घालणारे अशासकीय विधेयक, म्हणजे सरकारने नव्हे तर एका आमदाराने आणलेले विधेयक, मांडले. अशी विधेयके सहसा मंजूर होत नाहीत. परंतु त्यामुळे सरकारला या प्रश्नाची दखल घ्यावी लागते, आणि इथे तसेच झाले. १९८८ साली महाराष्ट्राने देशात सर्वप्रथम असा कायदा केला, केंद्राचा कायदा १९९४ मध्ये आला. ही कात्रणे मला त्यांच्या नावाखाली मिळालीच नाहीत. ती ‘आरोग्य’ या विषयाखाली होती आणि तिथल्या ज्येष्ठ कर्मचारी बाईंना आठवले म्हणूनच सापडली. मृणालताईंचा पुढाकार असलेल्या आणि दिंडोशीला सहा हजारांहून अधिक घरे उभी करणाऱ्या नागरी निवारा परिषदेचे कागदही असेच ‘गृहनिर्माण’मध्ये आहेत.

त्या बाईंची तत्परता हीच या सेवेची खरी जमेची बाजू होय. झेरॉक्स दुसऱ्या दिवशी मिळते, तेव्हा किमान दोन दिवस हाताशी ठेवून जावे आणि नावासोबत विषयांची यादीही न्यावी. मृणालताईंच्या पाकिटात ‘आरोग्य’ व ‘गृहनिर्माण’ पाहावे अशी एक चिठ्ठी ठेवावी, असे मी तिथल्या सूचनावहीत लिहून आले आहे.