जनगणनेचा अर्ज: मोबाइलवर स्वतः भरावा की प्रगणकाची वाट पाहावी?

२०११ च्या फेब्रुवारीत मी नागपुरातल्या मानेवाड्याच्या वस्त्यांत प्रगणक म्हणून फिरले. शाळा सुटली की कागदी तक्त्यांची पिशवी खांद्याला लावायची आणि अंधार पडेपर्यंत दारं वाजवायची. तेव्हा कोणापुढे निवड नव्हती. मॅडम येणार, विचारणार, लिहून नेणार. २०२७ च्या जनगणनेत मात्र पहिल्यांदाच स्वगणनेची सोय आहे. संकेतस्थळावर आपली माहिती आपणच भरायची. नाही भरली, तरी प्रगणक मोबाइल ॲप घेऊन दाराशी येणारच. भिशीत, भाजीच्या ठेल्यावर ओळखीच्या बाया मला विचारतात, "मॅडम, यातलं कोणतं बरं?"

आधी घरयादीचं, म्हणजे घर आणि घरातल्या सोयी नोंदवण्याच्या पहिल्या टप्प्याचं सांगते. एप्रिल ते सप्टेंबर २०२६ या काळात प्रत्येक राज्य आपापले ३० दिवस ठरवतं, आणि स्वगणनेसाठी त्याआधीचे १५ दिवस असतात. प्रश्न ३३. फरशी, भिंत आणि छत कशाचं, पाणी कुठून येतं, संडास, गॅस, इंटरनेट, दुचाकी, चारचाकी, शिवाय घरात मुख्य धान्य कोणतं खाल्लं जातं. उत्पन्न विचारत नाहीत आणि कोणताही कागद दाखवावा लागत नाही. या टप्प्यात दोन्ही पद्धतींत फार फरक पडत नाही. एकच काळजी घ्या. स्वतः भरताना नकाशावर आपलं घर दाखवावं लागतं. बेसा-हुडकेश्वरकडच्या नव्या लेआउटमध्ये दोन गल्ल्या हुबेहूब सारख्या दिसतात, तिथे खूण नीट बघून करा.

खरी निवड दुसऱ्या टप्प्यात, फेब्रुवारी २०२७ च्या लोकगणनेत करायची आहे. तिथे घरातल्या प्रत्येक माणसाची वेगळी नोंद होते, आणि मी सगळ्यात जास्त चुका तिथेच होताना पाहिल्या.

मी दार वाजवायची तेव्हा बहुतेक घरांत पुरुष बाहेर येत आणि सगळ्यांची उत्तरं तेच देत. "बायको काय करते?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "काही नाही जी, घरीच राहते." आणि मागच्या खोलीतून शिलाई मशीनचा आवाज येत असे. मी थांबायची, ताईंना बाहेर बोलवायची. त्या महिन्याला पंधरा-वीस ब्लाउज शिवून देत, कोणी पापड-कुरडया करून विकत, कोणी नवऱ्याच्या किराणा दुकानात सकाळभर बसत. जनगणनेच्या व्याख्येत घरच्या दुकानातलं किंवा शेतातलं बिनपगारी कामही कामच धरलं जातं. पण दिवसाला कितीतरी घरं उरकायची असली की प्रत्येक दारी थांबणं होत नाही. माझ्याकडूनही काही ताया "घरकाम" म्हणून लिहिल्या गेल्या असतील. ती गोष्ट अजून मनाला लागून आहे.

मातृभाषेचंही तसंच. जनगणनेत मातृभाषा म्हणजे त्या माणसाच्या आईने लहानपणी त्याच्याशी बोललेली भाषा. ती प्रत्येकाची वेगळी असू शकते. नागपुरात सासरे वऱ्हाडी बोलणारे, सून बालाघाटची हिंदीवाली, आजी मूळची गोंडी बोलणारी, अशी घरं काही कमी नाहीत. कुटुंबप्रमुखाने "मराठी" म्हटलं की घाईत सगळ्यांपुढे मराठीच लागते आणि आजीची गोंडी त्या घरातून पुसली जाते.

धर्माच्या रकान्याचं मोल नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ च्या जनगणनेत बौद्ध होते २,४८७. १९५६ मध्ये दीक्षाभूमीवर धर्मांतर झालं आणि १९६१ च्या मोजणीत तो आकडा २७,८९,५०१ झाला. दारोदारी लोकांनी ठामपणे "बौद्ध" असं सांगितलं आणि समोरच्याने तसंच लिहिलं, म्हणून हे दिसलं. अनुसूचित जातीचा रकाना वेगळा आहे आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्धांनाही तो लागू आहे. म्हणजे धर्म बौद्ध लिहूनही जात लिहिता येते. यावेळी सगळ्यांचीच जात नोंदवली जाणार आहे, तेव्हा ही दोन उत्तरं घरात आधीच बोलून ठेवा.

म्हणून लोकगणनेसाठी माझा कौल स्वगणनेला आहे. फक्त एक अट आहे, अर्ज सगळ्यांनी मिळून भरायचा. रात्रीची जेवणं झाल्यावर बसा आणि प्रत्येकाला त्याचा प्रश्न त्याच्या तोंडावर विचारा. मुलाने एकट्याने ऑफिसच्या बसमध्ये पाच मिनिटांत उरकला, तर दारातल्या त्या पुरुषात आणि त्याच्यात फरक काय राहिला? आणखी एक चूक स्वतः भरणाऱ्यांकडून होते. पुण्यात वसतिगृहात राहणाऱ्या लेकीला मायेने इथे मोजतात. तिची नोंद ती राहते तिथे होईल. दोन्हीकडे नाव गेलं तर एक माणूस दोनदा मोजला जातो.

प्रगणकाची वाट कोणी पाहावी? महाल-इतवारीच्या जुन्या वाड्यांत एकटे राहणारे आजी-आजोबा, मोबाइलवर आलेला ओटीपी दुसऱ्याला विचारून टाकणारी माणसं, आणि एका घरात दोन चुली असलेली कुटुंबं. वेगळी चूल म्हणजे जनगणनेत वेगळं कुटुंब, आणि हे समोरासमोर बोलून लवकर सुटतं. ओटीपी सांगून अनोळखी माणसाकडून अर्ज भरून घेण्यापेक्षा प्रगणक हजारपट बरा. ओळखपत्र मात्र बघून घ्या. महालात एका आजींनी मला नवऱ्याचं नाव सांगितलं नाही, शेजारणीने सांगितलं. १९४८ च्या जनगणना कायद्यात त्यांना तशी मुभाच आहे, हे मला नंतर कळलं. तेव्हा मी त्यांना उगाच दोनदा विचारलं होतं.

गुप्ततेपायी अडू नका. त्याच कायद्याने तुमची वैयक्तिक माहिती कोणाला बघता येत नाही आणि कोर्टात पुरावा म्हणूनही चालत नाही, मग ती फोनवरून गेलेली असो की दारात सांगितलेली.

स्वतः भरलं तरी प्रगणक एकदा येतोच. अर्ज पूर्ण झाल्यावर मिळणारा ओळख क्रमांक त्याला द्यावा लागतो. तो फ्रिजला चिकटवून ठेवा, म्हणजे दुपारी घरी एकटी असलेली आजीसुद्धा वाचून दाखवेल. आणि त्याला पाणी विचारा. दिवसभर उन्हात फिरून घसा कोरडा पडतो हो.