‘अपडेट करू नका’ म्हणणाऱ्याकडून चार्टप्लॉटर घेऊ नका

एकूण गेले ७३,४०० रुपये. जुना चार्टप्लॉटर (बोटीला पाण्यातली वाट नकाशावर दाखवणारं जीपीएसचं यंत्र) ४८,५००, त्याच्या नकाशाचं कार्ड १८,७०० आणि ‘ऑटोरूटिंग ॲक्टिव्हेशन’चे ६,२००. तिसरा आकडा लिहिताना अजून कानशिलं तापतात. आपोआप रूट काढून देण्याची सोय यंत्र आणि त्यातल्या अस्सल नकाशाबरोबर येते. त्रयस्थ माणसाने फोनवरून ती ‘चालू करून’ द्यायची नसते.

जाहिरात, ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे’, आधी पैसे मग कुरिअर, हा भाग तुम्हाला पाठ असेल. तो सांगत बसत नाही.

आता ‘एवढं कळलं नाही का?’ विचारणाऱ्यांसाठी. व्हिडिओ कॉलवर मी विकणाऱ्याला यंत्र चालू करून दाखवायला लावलं होतं. त्याने निघायचं बंदर निवडलं, पोचायचं ठिकाण निवडलं, माझ्या बोटीचा ड्राफ्ट (बोट पाण्यात किती खोल बुडते ते माप) भरला, आणि उथळ पाण्याला वळसे घालत पडद्यावर रेषा उमटली. पडद्यावरची बोटही चालायला लागली. घरातल्या टेबलावर बोट चालते ती सिम्युलेटरमध्ये, म्हणजे यंत्रातल्या लुटूपुटूच्या सफरीत, हे मला माहीत आहे. पण डेमो सगळेच सिम्युलेटरवर देतात, नावाजलेले दुकानदारसुद्धा. त्यात काय संशय घ्यायचा?

संशय घ्यायची जागा पुढे होती. पैसे पोचल्यावर त्याचा निरोप आला : ‘कार्ड कधीही अपडेट करू नका, कॉम्प्युटरला लावू नका, लॉक होईल.’ अहो, अपडेटसाठीच तर लोक नकाशाला पैसे मोजतात! नवे बोये (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणा), बदललेली खोली, नवे बांध, सगळं त्यातूनच येतं. जे कार्ड कंपनीच्या सर्व्हरला तोंड दाखवू शकत नाही ते नक्कल असणार, याला वेगळी अक्कल लागत नाही. आणि मी त्याला उत्तर काय पाठवलं? ‘ओके, थँक्यू.’ तो मेसेज अजून फोनमध्ये आहे. पण माझीही बाजू ऐका. अपडेट चालू असताना मध्येच वीज गेली की असली यंत्रं बिघडू शकतात, हे खोटं नाही. मला वाटलं, माणूस काळजीने सांगतोय.

पाण्यावर गेल्यावर यंत्राने काढलेली वाट थेट वाळूच्या पट्ट्यावरून गेली. साउंडरवरचा (पाण्याची खोली मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा भराभर उतरताना दिसला म्हणून इंजिन मागे घेता आलं. साउंडर बंद ठेवून कधीही रूटवर विसंबू नका. विकणाऱ्याला फोन केला तर म्हणे, ‘वाळू सरकते साहेब, त्याला नकाशा काय करणार?’ आणि वाळू सरकते, हे खरंच आहे! मी गप्प बसलो. मग बंदराच्या तोंडाशी रेषा बांधाच्या आरपार निघालेली दिसली. वाळू सरकते, काँक्रीट सरकत नाही. तेव्हा सेटिंगमधलं माहितीचं पान उघडलं. कार्डाच्या लेबलवर २०२३ छापलेलं, आत नकाशाची आवृत्ती २०११ ची. यंत्र विकत घेण्याआधी हे पान उघडून दाखवायला लावा. रूटचा डेमो नंतर.

यंत्र रूट काढतं म्हणजे नकाशातली खोली, अडथळे, पुलांची उंची आणि तुम्ही भरलेली बोटीची मापं यांचा मेळ घालतं. वारा, लाटा, कुणी टाकलेली जाळी त्याला दिसत नाहीत. नकाशा शिळा असला तरी रेषा तेवढीच ठसठशीत येते. अस्सल नकाशावरही पूर्ण झूम करून सगळी वाट नजरेखालून घाला. २०१४ साली व्होल्वो ओशन रेस या जगाला वळसा घालणाऱ्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट हिंदी महासागरात कार्गाडोस काराजोसच्या खडकांवर आदळली. मुरलेले खलाशी, उत्तम यंत्रं, पण नकाशा पुरेसा झूम करून पाहिलेला नव्हता.

दाद मागायला गेलो तर जाहिरातीच्या ॲपवाले म्हणाले, व्यवहार ॲपबाहेर झाला. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. यंत्र बनवणारी कंपनी म्हणाली, हा सिरियल नंबर दुसऱ्याच्या नावावर आहे, कुणाच्या ते सांगता येत नाही. वर आठवण करून दिली की यंत्र सुरू होताना ‘हे केवळ मदतीसाठी, अधिकृत नकाशांना पर्याय नाही’ अशी सूचना येते आणि तुम्ही दर वेळी ‘मान्य’ दाबता. म्हणजे चोर राहिला बाजूला, कबुलीजबाब माझाच! पोलिसांनी आधी विचारलं, जीपीएस मोबाइलमध्ये असतो तोच ना? मग विचारलं, बोट बुडाली का? नाही म्हटल्यावर, ‘मग नुकसान काय?’ ७३,४०० म्हटलं तर, ‘ते तुम्ही राजीखुशीने दिलेत.’ सिरियल नंबरची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र साहेब ताठ बसले आणि चोरीचं यंत्र माझ्याकडे कसं आलं याचा माझाच जबाब घेतला. यंत्र आता त्यांच्या कपाटात आहे. पोच मागितली तर उद्या या म्हणाले. प्रत्येक वेळी उद्याच.

त्या माणसाची जाहिरात वेगळ्या नावाने पुन्हा लागली आहे, टेबल तेच, व्हिडिओ तोच. आता त्यात ‘मूळ बिलासह’ असं वाढवलंय. बिल मागाच, आणि त्यावरचा सिरियल नंबर यंत्राच्या आतल्या माहितीच्या पानाशी ताडून पाहा. मागच्या स्टिकरशी नको, स्टिकर कुणीही छापतो.