जांभळी नाक्याचं हार्डवेअरचं दुकान: जुना पार्ट सोबत न्या

कौपिनेश्वर मंदिराकडून बाजारात शिरलं की आतल्या गल्लीत हे दुकान आहे. काउंटरला दोघं उभे राहिले की तिसऱ्याने रस्त्यावर थांबायचं, एवढीच जागा. पण मोडलेली वस्तू दुरुस्तच करायची असेल, तर मी ठाण्यात दुसरीकडे जात नाही.

काउंटरवरच्या काकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "जुना आणलाय का?" नुसतं "नळ गळतोय" म्हणालात तर ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. आम्ही घोडबंदर रोडला राहतो, उन्हाळ्यात टँकरचं पाणी. नळांचं आयुष्य तसंही कमीच. प्लंबर अख्खा नळ बदलायला सांगून गेला होता. मी मेन कॉक बंद करून स्पिंडल, म्हणजे नळाच्या आतला फिरणारा दांडा, काढलं आणि कागदात गुंडाळून इथे आणलं. काकांनी ते बोटाने फिरवलं, नखाने क्षार खरवडला, आटे मोजल्यासारखे बघितले आणि तीन डब्यांतून तीन स्पिंडलं काढून एकेक शेजारी धरलं. तिसरं जुळलं. बाथरूमच्या जुन्या पितळी नळाला तर नुसता वायसर पुरला.

पंख्याचंही तेच. रेग्युलेटर पाचवर आणि वारा दोनचा, म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर, मोटरला जोर देणारी छोटी डबी, गेलेला असतो. काका जुन्यावरचा आकडा वाचल्याशिवाय नवा देत नाहीत. आमचा अडीच मायक्रोफॅरडचा होता, तेवढाच दिला. वर दम: नुसतं बटण बंद करून चढायचं नाही, एमसीबी, म्हणजे बोर्डावरचा मुख्य खटका, पाडायचा, आणि जुन्या कपॅसिटरची दोन्ही टोकं प्लास्टिकच्या मुठीच्या स्क्रूड्रायव्हरने एकमेकांना टेकवून मगच हात लावायचा. ही शिकवणी फुकट, फक्त सगळ्यांसमोर आणि चढ्या आवाजात. नळाच्या आट्यांवर गळती थांबवायला लावायची पांढरी टेफ्लॉन टेप उलटी गुंडाळणाऱ्याची तर खैर नसते. आट्यांचं तोंड आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर नळ पिळताना ती सुटून गोळा होते.

गाडीचं सामान इथे नाही. तरी बॅटरीच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली तेव्हा दहा नंबरचा पाना आणि पॉलिश पेपर इथूनच नेला. बाकी घरातलं: गरम पाण्यात खायचा सोडा, पुसून कोरडं केल्यावर व्हॅसलिनचा हात. बॅटरीच्या वायर काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी. गॅरेजवाल्याला पैसे द्यावेत असं यात काही नाही.

तक्रारीही आहेत. घेतलेला माल परत घेत नाहीत. बिल मागितलं की चेहरा पडतो. एम-सील, गळती बुजवायची मळून लावायची लांबी, मागितलं तर आधी उलटतपासणी: पाइप कुठला, पाणी बंद करता येतं का, कोरडा होईल का? "वाहत्या पाण्यावर थापणार असाल तर नेऊ नका," असं म्हणून त्यांनी एकाला माझ्यादेखत परत पाठवलं. दुकानदारी म्हणून वाईट, पण बरोबर होतं.

गाडी घेऊन जाऊ नका, पार्किंगला जागा मिळत नाही. स्टेशनवरून चालत या. शनिवारी संध्याकाळी तर नकोच, गर्दीत काका डबे उघडत नाहीत. मिक्सरच्या जारचं कपलर, म्हणजे तळाला मोटरशी अडकणारा तुकडा, ते ठेवत नाहीत, पण कुठल्या गल्लीत मिळेल ते सांगतात, आणि तिथेही जुनं दाखवावं लागतं.