शुक्रवारची मिलोंगा परत सुरू झालीय, जाऊन आले

आधीच सांगते, या मिलोंगाच्या बाबतीत मी अजिबात निष्पक्ष वगैरे नाहीये. टँगोची पहिली धडपड मी इथेच केली, पहिल्यांदा कोणाच्या तरी पायावर हील इथेच रोवली, आणि 2020 मध्ये जगभरचं सगळं बंद झालं तेव्हा ही बंद पडली ती पडलीच. बाकीच्या हळूहळू उठल्या, ही नाही. त्यामुळे परत सुरू होतेय असा मेसेज आला तेव्हा मी तो दोनदा वाचला आणि सरळ माळ्यावरून बुटांची पिशवी काढली. तळव्याचं स्वेड इतकं गुळगुळीत झालं होतं की तारेच्या ब्रशने अर्धा तास घासत बसले.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन: मिलोंगा म्हणजे टँगो नाचायची संध्याकाळ. शो नाही, स्पर्धा नाही, कोणी बघायला येत नाही, आलेच तर नाचायला येतात. वर गोंधळ वाढवायला टँगोच्याच कुटुंबातल्या एका जलद, खेळकर प्रकारालाही मिलोंगाच म्हणतात. गाणी तीन-चारच्या गटात लागतात, एका गटात बहुतेक एकाच ऑर्केस्ट्राची, त्या गटाला तांदा म्हणतात (फोन दर वेळी त्याचा कांदा करतो, मी दुरुस्त करणं सोडलंय, पुढे कुठे दिसला तर समजून घ्या). दोन तांदांच्या मध्ये अर्धा-एक मिनिट भलतंच काहीतरी वाजतं, ती कोर्तिना, म्हणजे पडदा. पडदा वाजला की सगळे फ्लोअर रिकामा करतात, जागेवर जातात आणि पुढच्यासाठी नवा पार्टनर शोधतात. आणि शोधायचं ते नजरेने. लांबून बघायचं, समोरच्यानेही बघितलं की हलकेच मान हलवायची, तीही हलली की ठरलं. याला काबेसेओ म्हणतात. नको असेल तर आपण दुसरीकडे बघायचं, विषय संपला, कोणाचा अपमान नाही की कोणाला कळतही नाही.

आता मुद्द्याचं. सगळे म्हणतात आपली मिलोंगा 2020 ला बंद पडली. माझं मत वेगळं आहे. ती त्याच्या वर्षभर आधी, कोणाच्या तरी डोक्यात "माहोल" करायची कल्पना आली आणि हॉलमध्ये लाल मंद दिवे लावले, तेव्हाच अर्धी मेली होती. फोटो छान यायचे, नाही म्हणत नाही, पण दोन खुर्च्यांपलीकडचा माणूस कोणाकडे बघतोय तेच दिसायचं नाही. मग नजरेचा कारभार संपला आणि लोक थेट समोर येऊन हात पुढे करायला लागले. आता समोर माणूस हात धरून उभा असताना चारचौघात नाही म्हणणं किती जड जातं ते बसलेल्या बाईला विचारा. मी कित्येक वेळा नको असताना उठलेय, बारा-बारा मिनिटं कोणाच्यातरी खांद्यावरून घड्याळ बघितलंय. हळूहळू चांगल्या नाचणाऱ्या बायका यायच्या बंद झाल्या, त्या बंद झाल्या म्हणून चांगले लीडर (जोडीत पुढाकार घेऊन नाच नेणारे) बंद झाले, आणि खापर फुटलं महामारीवर.

तर या वेळी मी दारातून आत शिरले आणि पहिल्यांदा वर बघितलं. दिवे! साधे, पिवळसर, उबदार, सगळीकडे सारखे. झगझगीत नाही पण समोरच्या भिंतीजवळ बसलेल्याच्या भुवया दिसतील इतके. फ्लोअरच्या चारही बाजूंनी खुर्च्या, तोंडं आतल्या बाजूला, आणि मध्ये लोकांना उभं राहून गप्पा मारायला जागाच ठेवलेली नाही, म्हणजे नजर अडवायला कोणी नाही. दारात यजमानीण होती, तिने नाव विचारलं आणि स्वतः नेऊन जागेवर बसवलं, ब्युनोस आयर्सच्या जुन्या वळणाच्या मिलोंगांमध्ये बसवतात तसं. तिकडे काही ठिकाणी बायका एका बाजूला आणि पुरुष समोर अशी पद्धत आहे, इथे तसं काही नव्हतं, मिसळून बसवलं होतं, आणि ते बरंच केलं कारण आता आमच्यातल्या निम्म्या बायका लीडही करतात. मी स्वतः दोन तांदे लीड केले, एक बरा झाला, एकाबद्दल बोलायला नको.

फक्त एक खांब आहे. हॉलच्या उजव्या हाताला, अगदी फ्लोअरच्या कडेला, आणि त्याच्या मागे त्यांनी चार खुर्च्या ठेवल्यात. मला पहिल्यांदा तिथेच बसवलं. दि सार्ली नावाच्या जुन्या ऑर्केस्ट्रावाल्याचा तांदा लागला, माझा जीव की प्राण, समोरून एक गृहस्थ बघतायत, मान हलली, मी पण हलवली, हसले, उठले, पुढे आले, तर ते माझ्या बाजूने निघून खांबाच्या पलीकडच्या बाईसमोर जाऊन उभे. मग काय, मी जणू पाणी प्यायलाच उठले होते अशी चालत टेबलापर्यंत गेले आणि तहान नसताना दोन ग्लास पाणी प्यायले. त्या खुर्च्या काढा प्लीज.

संगीत. डीजेने संध्याकाळ नीट बांधली होती, दोन टँगो तांदे, एक वाल्स (टँगोच्या ढंगातला वॉल्ट्झ), दोन टँगो, एक मिलोंगा अशी नेहमीची चाल, आणि बहुतेक सगळं 1935 ते 1955 मधलं, ज्याला सुवर्णकाळ म्हणतात ते. सुरुवात दारिएन्सोने (हाही ऑर्केस्ट्रावाला, पुढे येणारे त्रोइलो आणि पुग्लिएसेही तेच). याला "ताल का राजा" टाइप पदवी होती, एल रेय देल कोंपास, आणि उगाच नव्हती. 1935 च्या शेवटी बियाजी नावाचा पियानोवाला त्याच्याकडे आला आणि वाक्य संपतंय न संपतंय तोच मधल्या फटीत टिचक्या मारायला लागला, 1938 मध्ये सोडूनही गेला, पण ती अडीच वर्षं अशी आहेत की खुर्चीत बसून राहणं अवघड. संध्याकाळच्या पहिल्या तासाला हेच हवं, लोकांचे पाय गार असतात, लाजत असतात, दारिएन्सोचा कांदा लागला की उठतातच. मग दि सार्ली, लांब श्वासाची व्हायोलिनं, चालायला शिकवतो हा माणूस. मग त्रोइलो. उशिरा, गर्दी थोडी विरळ झाल्यावर, पुग्लिएसे. पुग्लिएसे कम्युनिस्ट होता, अनेकदा तुरुंगात गेला, आणि तो आत असताना त्याची ऑर्केस्ट्रा त्याच्याशिवाय वाजवायची, पियानोवर कार्नेशनचं एक लाल फूल ठेवून. हे माहीत झाल्यापासून मला त्याच्या गाण्यातले ते थांबे वेगळेच ऐकू येतात, कदाचित उगाच, पण येतात.

पण स्पीकर! एवढी चांगली यादी आणि वाजवायला एकच स्पीकर, स्टँडवर, डीजेच्या कोपऱ्यात. ही रेकॉर्डिंग मुळात मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्यांवरची, त्यात खालचे सूर आधीच कमी, वरचे किरकिरे, ती तुम्ही एका कोपऱ्यातून मोठ्याने सोडलीत तर तिथे बांदोनेऑन (टँगोतला भात्याचा बाजा) कानात सुई टोचल्यासारखं येतं आणि पलीकडच्या टोकाला नुसती कुजबुज. मी दोन्ही टोकांना नाचून बघितलं. लांबच्या टोकाला बासचा ठोका ऐकूच येत नाही, लोक तिथे अंदाजाने पाऊल टाकत होते, आणि वळणावरून स्पीकरकडे आलं की अख्खी रांग एकदम सावरून तालात यायची. बघायला मजेशीर होतं. दोन लहान स्पीकर समोरासमोर लावले तरी भागेल, मोठा खर्च नाही. आणि कोर्तिना जरा लांब ठेवा राव, इतकी छोटी होती की मी खुर्चीपर्यंत पोचायच्या आत पुढचा तांदा सुरू, मग नजर कधी लावायची?

फ्लोअर लाकडी आहे, आधीची फरशी गेली, गुडघे दुवा देतायत. कोणीतरी एका कोपऱ्यात पावडर टाकली होती, ते करू नका, एकाला घसरायला सोपं जातं आणि बाकीचे दहा जण खरंच घसरतात.

गर्दी बऱ्यापैकी होती, जुने चेहरे साधारण तिसरा हिस्सा, बाकी नवी मंडळी, आणि नव्यांना नियम कोणी सांगितले नव्हते हे दुसऱ्या तांदातच कळलं. रोंदा म्हणजे नाचणाऱ्यांची रांग, घड्याळाच्या उलट्या दिशेने फिरते, पुढच्याला ओलांडायचं नाही, मध्येच मागे पाऊल टाकायचं नाही. एक जोडपं रांगेत उभं राहून व्हिडिओत बघितलेले उंच बोलेओ, म्हणजे पाय हवेत झटकणं, मारत होतं, त्यातली एक टाच माझ्या घोट्याला लागली, अजून निळं आहे. पण यजमानीण बघत होती. पडदा वाजल्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसली, हसत काहीतरी बोलली, आणि पुढच्या गाण्यात पाय जमिनीवर आले. आधीच्या काळात हे कोणी करत नव्हतं, सगळे आपापसात कुरकुरायचे.

एका नव्या पोराची मात्र दया आली. पहिलं गाणं संपलं, फार छान नाचला होता, पार्टनरला मनापासून "थँक यू" म्हणाला. टँगोत तांदाच्या मध्ये थँक यू म्हणजे "बास, आता नको". ती बिचारी गेली जागेवर. हा फ्लोअरच्या मध्यभागी एकटा, दुसरं गाणं सुरू, चारही बाजूंनी रांग फिरतेय आणि याला बाहेर पडायला फट मिळेना. आयोजकांनो, आधीच्या तासाभराच्या क्लासमध्ये (मी गेले नाही, बाहेर बूट बदलत होते) एक पाऊल कमी शिकवा पण हे सांगा.

कोणीतरी बाजूला म्हणत होतं की आता पूर्वीसारखं कुठे राहिलंय. अहो, बंद पडून परत उठणं टँगोला नवीन आहे का? 1955 मध्ये आर्जेंटिनात राष्ट्राध्यक्ष पेरोनचं सरकार लष्कराने उलथलं, लोकांनी जमणंच अवघड झालं, मोठ्या ऑर्केस्ट्रा परवडेनात, तरुण पोरं रॉक अँड रोलकडे गेली, जवळजवळ पिढीभर नाच थोड्या म्हाताऱ्यांकडे शिल्लक राहिला. मग 1983 मध्ये तिथे लोकशाही परत आली, त्याच वर्षी पॅरिसमध्ये 'टँगो आर्जेंटिनो' हा शो लागला, 1985 ला ब्रॉडवेवर गेला, आणि जगभर लोक क्लास शोधायला लागले. त्या शोमध्ये विरुलासो नावाचा चांगला जाडजूड, वयस्कर माणूस नाचायचा, आणि लोक त्याला बघून वेडे व्हायचे. आपली तर काही वर्षांचीच सुट्टी होती. 

शेवटचा तांदा डीजेने आधी जाहीर केला, हे फार बरं, धावपळ झाली पण सगळ्यांना संधी मिळाली. मग ला कुम्पार्सिता, ती वाजली की मिलोंगा संपली हे जगात सगळीकडे ठरलेलं. मोंतेविदेओच्या एका विद्यार्थ्याने, मातोस रोद्रिगेसने, विद्यार्थ्यांच्या कार्निव्हलसाठी मार्च म्हणून लिहिलेली ही चाल, म्हणजे उरुग्वेची, हे आर्जेंटिनावाल्यांसमोर जपून बोलायचं. ती मी ज्यांच्याबरोबर नाचले ते इथले सगळ्यात जुने, आधीच्या काळातले, लाल दिव्यांना कंटाळून यायचे बंद झालेले. फ्लोअरच्या त्या टोकाहून त्यांनी बघितलं, आमच्या मध्ये पूर्ण हॉल, आणि मला स्पष्ट दिसलं. गाणं चालू असताना एक अक्षर बोललो नाही, संपल्यावर ते म्हणाले, "दिवे कोणी बदलले गं?"

पाचपैकी चार देतेय, एक स्पीकरचा कापला. जाणार असाल तर लवकर जा, दारातून डाव्या हाताच्या भिंतीजवळ जागा मागा, तिथून सगळा हॉल दिसतो आणि आवाजही बरा येतो. खांबामागे बसवलं तर गोड बोलून उठा. आणि डावीकडे तिसऱ्या खुर्चीवर निळी बुटांची पिशवी दिसली तर ती माझी आहे.