खाजनातील भातचाचणी: बाराही वाफ्यांच्या चिठ्ठ्या एकत्र काढाव्यात की गटागटाने?

कोरगुट, गोवा धान १ आणि ज्योती या भाताच्या वाणांपैकी आपल्या खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीत) कोणता वाण जास्त पिकतो, हे महाविद्यालयीन प्रकल्पातून तपासायचे असेल, तर पेरणीपूर्वीच वाफ्यांची मांडणी ठरवावी लागते. प्रत्येक वाणाला चार, म्हणजे एकूण १२ वाफे धरू. शेतकऱ्यांकडून उत्पन्नाचे आकडे गोळा करणे सोपे आहे, परंतु कोरगुट बहुधा खाऱ्या जागेतच लावलेला असतो. त्यामुळे वाणाचा गुण आणि जमिनीचा दोष वेगळे काढता येत नाहीत.

उरतात दोन आराखडे. संपूर्ण यादृच्छिक आराखड्यात बाराही वाफ्यांसाठी एकत्र चिठ्ठ्या काढतात. गट आराखड्यात जमिनीचे चार गट पाडून प्रत्येकात तिन्ही वाण एकेकदा येतील अशा स्वतंत्र चिठ्ठ्या काढतात. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर १९१९ मध्ये इंग्लंडमधील रॉथमस्टेड संशोधन केंद्रात रुजू झाले आणि शेतीच्या प्रयोगांतूनच त्यांनी चिठ्ठ्या व गटांची ही पद्धत घडवली.

खाजनात सहसा बांधालगत खारे पाणी झिरपते आणि आत जावे तसा खारेपणा उतरतो. मातीची विद्युतवाहकता (खारेपणाचे माप) ३ डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या पुढे गेली की प्रत्येक एककामागे भाताचे उत्पन्न सुमारे १२ टक्क्यांनी घटते, असा प्रचलित अंदाज आहे. म्हणजे एकाच शेतातील एक-दोन एककांचा फरकही वाणांमधील फरक झाकून टाकू शकतो. पहिल्या आराखड्यात हा फरक त्रुटीत, म्हणजे कारण न सांगता येणाऱ्या चढउतारात, मिसळतो, तर दुसऱ्यात तो गटांच्या नावे वेगळा काढता येतो. मात्र त्यासाठी प्रत्येक गट बांधाला समांतर हवा, म्हणजे त्यातील तिन्ही वाफे बांधापासून सारख्याच अंतरावर येतात. गट बांधाकडून आतल्या दिशेने लांबवर आखले, तर सारा खटाटोप वाया जातो, आणि ही चूक फार सहज होते.

गटांची किंमतही आहे. त्रुटीची स्वातंत्र्यमात्रा (त्रुटीचा अंदाज बांधायला उरणाऱ्या स्वतंत्र माहितीची संख्या) ९ वरून ६ वर येते आणि ५ टक्के पातळीवर टी-कसोटीची मर्यादा २.२६२ वरून २.४४७ होते, म्हणजे वाणांमधील फरक खरा ठरवणे थोडे अवघड होते. त्यामुळे एकसारखी माती भरलेल्या कुंड्यांसाठी मी पहिलाच आराखडा सुचवेन; खाजनात मात्र गटांशिवाय चाचणी घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एखादाच वाफा बुडाला तर गट आराखड्याचे गणित अवघड होते, परंतु बांध फुटून बांधालगतचा संपूर्ण गट गेला, तरी उरलेल्या तीन गटांत तिन्ही वाणांची तुलना अबाधित राहते.