दहा ग्रॅमच्या उंदरासाठी कोणता पिंजरा?

गोव्यातल्या हार्डवेअरच्या दुकानांत दोन पिंजरे सर्रास मिळतात: आकड्याला आमिष टोचायचा तारेचा, आणि पाय पडताच दार पाडणारी पत्र्याची पेटी. घरातल्या मोठ्या उंदराला तारेचा उत्तम. वायंगणाच्या (हिवाळी-उन्हाळी भातशेतीच्या) बांधावरच्या बारक्या शेतउंदरासाठी मात्र पेटीच घ्यावी.

हा शेतउंदीर (शास्त्रीय नाव मस बूडूगा) म्हणजे घरच्या उंदराचे पिल्लू नव्हे. पूर्ण वाढला तरी शेपूट सोडून सहा-सात सेंटिमीटर, वजन दहा ग्रॅमच्या आसपास. पोट पांढरे, शेपूट अंगाएवढी किंवा जरा आखूड. घरच्या छोट्या उंदराची शेपूट बहुधा अंगाहून लांब असते आणि वरच्या पुढच्या दाताला मागून खाच असते. बिळावरूनही ओळख पटते: अंगठा जाईल एवढेच तोंड आणि बाहेर बारीक मातीची ढिगुळी. मूठ जाईल एवढे भोक दिसले तर ते काळ्या उंदराचे किंवा घुशीचे. तिथे ही पेटी कुचकामी.

तारेच्या पिंजऱ्यात अडचण दुहेरी. अर्ध्या इंचाच्या जाळीतून हा प्राणी सहज निसटतो, आणि आमिष ओढण्याऐवजी कुरतडत राहतो, त्यामुळे आकडा सुटतच नाही.

पेटी घेताना दुकानातच तपासा. दहा रुपयांचे नाणे पावणेआठ ग्रॅमचे असते. ते पेटीतल्या, पाय पडायच्या फळीच्या टोकावर अलगद ठेवल्यावर दार पडले पाहिजे. दोन नाणी लागत असतील तर ती पेटी परत द्या. दार बंद झाल्यावर फट सहा मिलिमीटरहून कमी हवी.

आमिष म्हणून भाजलेल्या खोबऱ्याचा तुकडा सर्वांत चांगला. सुकटीने मुंग्या येतात, शिवाय चिचुंद्री अडकते, आणि ती उंदीरवर्गातली नव्हेच. पेटी सांजेला बांधाच्या कडेला, बिळापासून हातभर अंतरावर, बांधाला समांतर ठेवावी. फळीखाली चिखल गेला की ती अडते, म्हणून खाली झावळीचा तुकडा घाला. सकाळी ऊन चढण्याआधी बघाच, पत्रा तापला की आतला जीव गुदमरून मरतो.

खाजनाच्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीच्या) खाऱ्या पाण्याने पत्रा लवकर गंजतो. तिथे अॅल्युमिनियमची पेटी महाग पडली तरी परवडते. हातमोजे घालूनच हाताळा, उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस या तापाचा धोका खरा आहे. गाभण मादी जेमतेम तीन आठवड्यांत विते, म्हणून दोन रात्री रिकाम्या गेल्या तरी पेट्या लगेच उचलू नका.