सवाई की काळा घोडा? शहरात नव्याने आलेल्यांसाठी

नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईत आलेली तरुण मंडळी हिवाळ्याच्या तोंडावर हमखास विचारतात: रजा मोजकी आहे, ती डिसेंबरात पुण्याच्या सवाईला, म्हणजे शास्त्रीय संगीताच्या महोत्सवाला वापरू, की जानेवारी-फेब्रुवारीत मुंबईच्या काळा घोडा कलामहोत्सवाला? दोन्हींकडे मी मनापासून जात आले आहे. कला दोन्हीकडे उत्तम आहे, त्यामुळे निर्णय तिच्यावर अडत नाही. शहरात तुम्हाला माणसं कशी जोडायची आहेत, यावर तो ठरतो.

सवाई गंधर्व महोत्सव पं. भीमसेन जोशींनी १९५३ साली आपले गुरू सवाई गंधर्व यांच्या स्मरणार्थ सुरू केला. वर्षानुवर्षं तो रमणबागेत भरायचा, आता मुकुंदनगरला भरतो. रात्रभर चालणाऱ्या मैफली ध्वनिक्षेपकाच्या नियमांमुळे गेल्या, याची हळहळ जुने श्रोते आजही करतात आणि ती मला पटते. पहाटेचे राग पहाटे ऐकायला मिळणं ही वेगळीच गोष्ट होती. पण एक गोष्ट तशीच टिकली आहे: भारतीय बैठक. सलग काही दिवस तुम्ही साधारण त्याच भागात, त्याच माणसांच्या शेजारी मांडी घालून बसता. पहिल्या दिवशी शेजारच्या काकू फक्त सरकून जागा देतात. दुसऱ्या दिवशी डब्यातली वडी पुढे करतात. तिसऱ्या दिवशी तुम्ही चहाला उठलात की तुमची सतरंजी राखतात आणि परत आल्यावर हळूच सांगतात, ‘मारवा सुरू झालाय, बसा.’ राग ओळखता येत नाही म्हणून कुणी तिथे कमी लेखत नाही. मला तरी कधी तसा अनुभव आला नाही. खाण्याच्या स्टॉलपाशी पडद्यावर गाणं दिसत असतं, आणि तिथेही अनोळखी माणसं एकाच तानेला एकदम मान डोलावतात. शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या आवाजातली भैरवी वाजवली जाते. तोवर आजूबाजूचे चेहरे ओळखीचे झालेले असतात.

काळा घोडा महोत्सव दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा परिसरात १९९९पासून भरतो. तो नऊ दिवस चालतो आणि प्रवेश मोफत असतो. पैशांची ओढाताण असेल तर हा मुद्दा फार मोठा आहे. रॅम्पार्ट रोवरच्या कलाकृतींच्या मांडण्या, डेव्हिड ससून ग्रंथालयाच्या बागेतल्या साहित्यविषयक गप्पा, शिवाय नाटक, नृत्य, चित्रपट, वारसा फेऱ्या (हेरिटेज वॉक), मुलांसाठी कार्यशाळा. लहान मुलं बरोबर असतील तर दुसरा विचारच करू नका, इथेच या. मात्र इथे माणूस सतत चालत असतो. शनिवार-रविवारी संध्याकाळी तर गर्दीच तुम्हाला पुढे नेते. शेकडो लोकांना खांदा लागतो, पण नाव एकाचंही कळत नाही. एकट्याने येऊन नुसती फेरी मारलीत तर घरी जाताना आणखी एकटं वाटण्याची शक्यता आहे, हे स्पष्टच सांगते. यावर उपाय एकच: कशात तरी भाग घ्या. कार्यशाळेत नाव नोंदवा, वारसा फेरीत सामील व्हा. त्यांच्या जागा लवकर भरतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका आली की लगेच बघा. आणि शक्य असेल तर आठवड्यातल्या मधल्या दिवशी दुपारी जा. कलाकार आपल्या मांडणीपाशी उभा सापडतो आणि निवांत बोलतो.

महोत्सव संपल्यावर काय उरतं, हेही बघायला हवं. इथे मुंबईचं पारडं मला जड वाटतं. जहांगीर कलादालन १९५२पासून काळा घोडा परिसरातच आहे, वर्षभर उघडं असतं आणि आत जायला पैसे पडत नाहीत. जुहूचं पृथ्वी थिएटर १९७८पासून आहे. तिथे नाटकाआधी अंगणात चहा घेत बसलेली मंडळी सहज बोलायला लागतात. पुण्यातही सुदर्शन रंगमंचावर छोटी, प्रायोगिक नाटकं होतात, गाण्याच्या घरगुती बैठका होतात. पण त्या बैठकांचा पत्ता आधी कुणीतरी सांगावा लागतो, आणि तो सांगणारा बहुतेकदा सवाईतच भेटतो.

म्हणून स्वतः चित्रं काढत असाल, लिहीत असाल, काही घडवत असाल, तर काळा घोडा निवडा. शहरात अजून कुणीच आपलं नसेल, तर सवाई. शास्त्रीय संगीत अजिबात कळत नसेल तरीही सवाईच. तिकीट काढताना एक दिवसाचं नको, पूर्ण महोत्सवाचं घ्या. गुडघे साथ देत असतील तर खुर्चीपेक्षा बैठकीचं घ्या: ते स्वस्तही पडतं. थंडीसाठी शाल न्या, आणि डबा दोघांना पुरेल एवढा न्या.